३० जून, ताळेबंद आणि विकली जाणारी घरची पोरं

डावखुरा

पूर्वी ट्रान्सफर विंडो (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची ठरलेली मुदत) म्हटलं की शेवटच्या दिवसाची रात्र. आता इंग्लिश फुटबॉलच्या प्रीमिअर लीगमधल्या कितीतरी क्लबांचा जीव त्याच्या दोन महिने आधी, ३० जूनला टांगणीला लागतो. त्या दिवशी त्यांचं हिशेबाचं वर्ष संपतं.

जून २०२४ चा शेवटचा टप्पा आठवा. न्यूकॅसलने एलियट अँडरसन नॉटिंगहॅम फॉरेस्टला विकला आणि यानकुबा मिन्तेह ब्रायटनला. ॲस्टन व्हिलाने डग्लस लुईझ युव्हेंटसला दिला, ओमारी केलीमन चेल्सीला, टिम इरोएगबुनाम एव्हर्टनला. त्याच सुमारास चेल्सीचा मात्सन आणि एव्हर्टनचा लुईस डॉबिन व्हिलात आले. डॉबिनला व्हिलाने त्याच उन्हाळ्यात वेस्ट ब्रॉमला लोनवर (म्हणजे तात्पुरतं उसनं) धाडून दिलं. हा संघ कोणा मॅनेजरने बांधलेला दिसत नव्हता, हिशेबनिसाने बांधलेला दिसत होता.

नव्या लोकांसाठी नियम थोडक्यात. पीएसआर (प्रॉफिट अँड सस्टेनेबिलिटी रूल्स, म्हणजे क्लबला किती तोटा चालेल याचा प्रीमिअर लीगचा २०२५-२६ पर्यंतचा नियम) म्हणतात तो हा. तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटी पौंडांपर्यंत तोटा चालतो. पण त्यातले नऊ कोटी मालकाने भांडवल म्हणून खिशातून भरायला हवेत. त्याने हात वर केले तर मर्यादा फक्त दीड कोटी. एखादं वर्ष खालच्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये गेलं असेल, तर त्या वर्षापुरते साडेतीन कोटींऐवजी १.३ कोटीच धरतात. ॲकॅडमी, महिला संघ, स्टेडियमचं बांधकाम आणि सामाजिक उपक्रम यांवरचा खर्च तोट्यातून वगळतात.

आता माझी तक्रार. ॲकॅडमीवरचा खर्च माफ, म्हणजे नियम म्हणतो पोरं घडवा. आणि हिशेबाची पद्धत अशी की घडवलेलं पोर विकण्याइतका फायदा दुसऱ्या कशातच नाही. माउंट, गॅलाघर, मॅक्टोमिने, पामर, ब्रेनन जॉन्सन, अँडरसन. यादी वाचताना त्रास होतो. स्टँडमध्ये ज्याच्या नावाचं गाणं सगळ्यात मोठ्याने म्हटलं जातं, तोच पहिला दुकानात मांडायचा?

मंडळी, तुम्हाला काय वाटतं? फक्त 'पैसाच सगळं आहे' छापाचे प्रतिसाद नकोत, ते पाठ आहेत.

खांबाला लागला

पैसाच सगळं आहे. 😀

चिकित्सक

पामरला या यादीत घालू नका. मँचेस्टर सिटीला त्याला विकायची गरज नव्हती. त्याला खेळायला मिळत नव्हतं म्हणून तो गेला. मॅक्टोमिनेचं तर नापोलीत जाऊन भलंच झालं. विकला गेलेला प्रत्येक स्थानिक खेळाडू पीएसआरचा बळी नसतो.

डावखुरा

पामरबद्दल मान्य, काढतो. बाकीचे ठेवतो.

वाचनमात्र

बरीच वर्षं नुसतं वाचतोय, पहिल्यांदाच लिहितोय. एक बाळबोध प्रश्न. चार कोटींना विकत आणलेला खेळाडू चार कोटींना विकला काय आणि घरचा पोरगा चार कोटींना विकला काय, क्लबच्या हातात चार कोटीच येणार ना? मग घरचा 'जास्त फायद्याचा' कसा?

ताळेबंद

प्रश्न बाळबोध नाही. अर्धा धागा या एका प्रश्नावर उभा आहे. ऑडिटमध्ये आयुष्य गेलं असल्यामुळे हात शिवशिवताहेत, जरा लांबण लागेल.

पहिली गोष्ट, पीएसआर रोकड मोजत नाही, नफा-तोटा मोजतो. क्लबने ६ कोटींना खेळाडू घेतला आणि पाच वर्षांचा करार केला, तर पुस्तकात त्या वर्षी ६ कोटींचा खर्च पडत नाही. दरवर्षी १.२ कोटी पडतो. याला अमॉर्टायझेशन म्हणतात. यंत्र घेतल्यावर दरवर्षी थोडा घसारा लावतात तसंच. दोन वर्षांनी त्या खेळाडूची पुस्तकी किंमत उरते ३.६ कोटी.

आता तो ४.५ कोटींना विकला. नफा किती? ९० लाख. तो फसला, विकून फक्त २ कोटी आले, तर १.६ कोटींचा तोटा, आणि तोही सगळा त्याच वर्षी. खात्यात दोन कोटी खणखणीत आलेत, तरी पीएसआरच्या नजरेत तुम्ही खड्ड्यात. फसलेले खेळाडू वर्षानुवर्षं लोनवर का फिरत राहतात, ते यातून कळेल. विकायला कोणी तयार नसतं असं नाही, विकणं परवडत नाही.

आता घरचा पोरगा. त्याच्यासाठी ट्रान्सफर फी दिलेलीच नाही, पुस्तकी किंमत शून्य. ४.५ कोटींना विकला की नफा अख्खे ४.५ कोटी.

आणि गंमत पुढेच आहे. विक्रीचा नफा सगळा एका वर्षात धरतात, खरेदीचा खर्च पाच वर्षांत वाटतात. म्हणजे आज ४ कोटींचा एक पोरगा विकून आजच्या वर्षापुरती २० कोटींची खरेदी पुस्तकात बसवता येते (पगार सध्या बाजूला ठेवू). पण पुढच्या वर्षी ते ४ कोटी पुन्हा खर्चात उभे राहतात, आणि विकलेला पोरगा पुन्हा विकता येत नाही. मग दुसरा पोरगा शोधायचा. रहाटगाडगं आहे हे.

वाचनमात्र

दंडवत. 'विकणं परवडत नाही' हे वाक्य तीनदा वाचलं, मग डोक्यात उजेड पडला.

मॅगपाय

डावखुरा, जखमेवर बोट ठेवलंत. मी न्यूकॅसलवाला, त्यामुळे अँडरसनबद्दल थंड डोक्याने लिहिता येणार नाही.

हा मुलगा न्यूकॅसलजवळच्या व्हिटली बेचा. लहानपणापासून क्लबच्या ॲकॅडमीत. तो विकाऊ आहे असं कुणाच्या मनातही नव्हतं. मग जून आला आणि फॉरेस्टने साडेतीन कोटींच्या आसपास मोजले. त्याच वेळी फॉरेस्टचा गोलकीपर व्लाखोदिमोस आमच्याकडे आला, बातम्यांत आकडा होता दोन कोटींचा. आम्हाला तेव्हा गोलकीपरची गरज होती का? तो आमच्याकडे जेमतेम खेळला आणि पुढच्या वर्षी सेव्हियाला लोनवर गेला. अँडरसन तिकडे मिडफिल्डचा राजा झाला, सप्टेंबर २०२५ मध्ये इंग्लंडकडून खेळायला लागला.

मिन्तेह तर आमच्या शर्टात एकही मॅच न खेळता विकला गेला. पण त्याचं दुःख नाही, तो धंदा होता. ६०-७० लाखांचा पोरगा घेतला, फेनूर्डला वर्षभर लोनवर ठेवला, तीन कोटींवर विकला. अँडरसन धंदा नव्हता.

आणि लोक आम्हाला म्हणतात, तुमचे मालक जगातले सगळ्यात श्रीमंत! ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदीचा फंड आला तेव्हा आम्हीही नाचलो होतो, खोटं कशाला बोलू. पण मालकाकडे कितीही असलं तरी क्लबच्या उत्पन्नापलीकडे खर्च करता येत नाही. मालकाच्याच कंपन्यांकडून फुगवलेली स्पॉन्सरशिप आणावी, तर ती बाजारभावाची आहे का हे तपासायचे नियम आम्ही आल्यावर दोन महिन्यांत झाले. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मान्य. पण ज्यांचं अंथरूण आधीच मैदानाएवढं आहे त्यांनी आम्हाला हे शिकवू नये.

खांबाला लागला

गरीब बिचारे सौदी. वर्गणी काढू या का?

मॅगपाय

काढा. पण तीही बाजारभावाची असायला हवी, नाहीतर चौकशी लागेल.

टॉफीवाला

एव्हर्टनवाल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही, तेव्हा आलो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आमचे १० पॉइंट कापले. लीगच्या इतिहासातली तोवरची सगळ्यात मोठी कपात. २०१० मध्ये अख्खा क्लब दिवाळखोरीत गेला तेव्हा पोर्ट्समथचे ९ गेले होते, आमचे १०! तीन वर्षांचा तोटा निघाला १२.४५ कोटी, म्हणजे मर्यादेच्या वर १.९५ कोटी. फेब्रुवारीत अपिलात १० चे ६ झाले. एप्रिलमध्ये पुढच्या हिशेबासाठी आणखी २ कापले. एका सीझनमध्ये दोनदा शिक्षा. दर आठवड्याला पॉइंट टेबल बघताना कंसातले आकडे आधी बघायचे, अशी सवय लागली होती.

फॉरेस्ट मर्यादेच्या वर ३.४५ कोटी, आमच्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यांचे कापले ४. का, तर सहावरून सुरुवात करून दोन माफ, त्यांनी लवकर कबूल केलं आणि सहकार्य केलं म्हणून.

आणि ज्या मँचेस्टर सिटीवर फेब्रुवारी २०२३ मध्ये शंभराहून जास्त आरोप ठेवले, त्यांचं काय? त्यांच्या वकिलांची फीच आमच्या तोट्याएवढी असेल. चोर सोडून संन्याशाला फाशी.

चिकित्सक

संन्याशी म्हणणं जरा जास्त होतंय. एव्हर्टनने कित्येक वर्षं वाटेल तसे पैसे उधळले, हे एव्हर्टनचेच लोक म्हणत होते.

उलट बाजूही बघा. २०२२-२३ मध्ये एव्हर्टन वाचला ३६ पॉइंटवर, लेस्टर गेला ३४ वर. मोडलेल्या मर्यादेचा हिशेब २०२१-२२ पर्यंतचा होता. शिक्षा आली २०२३-२४ मध्ये, तेव्हा ८ कापूनही तुमचे ४० उरले आणि तुम्ही आरामात राहिलात. लेस्टर-लीड्सवाल्यांच्या जागी बसून विचार करा. नियम मोडून घेतलेल्या खेळाडूंनी ज्यांना खाली ढकललं, त्यांना काय मिळालं?

(लेस्टरचं म्हणाल तर तेही काही गरीब गाय नाहीत. त्यांच्यावरही केस झाली. ती सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलात कशावर सुटली? हिशेबाचं वर्ष ३० जून २०२३ ला संपलं, त्याआधीच ते लीगमधून बाहेर पडले होते, म्हणून लीगला अधिकारच नाही! खाली गेल्याचा असा फायदा कुणाला झाला नसेल.)

ताळेबंद

फॉरेस्टचा विषय निघालाच आहे तर ब्रेनन जॉन्सनचा हिशेब मांडतो. धाग्याच्या मुद्द्याशी त्याहून नेमकं उदाहरण नाही.

फॉरेस्टची मर्यादा होती ६.१ कोटी. दोन वर्षं चॅम्पियनशिपची १.३ अधिक १.३, एक प्रीमिअर लीगचं ३.५. ते ३.४५ कोटींनी वर गेले. जॉन्सन त्यांच्याच ॲकॅडमीचा, पुस्तकी किंमत शून्य. तो टॉटनहॅमला गेला ४.७५ कोटींना, १ सप्टेंबर २०२३ ला. हीच विक्री ३० जूनच्या आत झाली असती तर तूट भरून वर पैसे उरले असते आणि एकही पॉइंट गेला नसता.

क्लबचं म्हणणं होतं की घाईने स्वस्तात देण्यापेक्षा आम्ही थांबलो, चांगली किंमत आणली, यातच क्लबचं हित होतं, तुमच्या नियमाचा हेतूही तोच ना? धंद्याच्या दृष्टीने मला हे पटतं. आयोगाला पटलं नाही. तारीख म्हणजे तारीख. माझ्या मते आयोगही बरोबर होता. एकाला दोन महिने दिले की दुसरा चार मागणार.

पुढच्याच जूनमध्ये सगळ्यांनी जी घाई केली ती या निकालामुळे. ४ पॉइंट गेलेले सगळ्यांनी पाहिले होते.

निळाई

कोणीतरी आमचं नाव काढायच्या आत मीच येते. हो, चेल्सी.

खांबाला लागला

आलात? हॉटेलची चावी काउंटरवर ठेवा.

निळाई

😀 सांगून टाकते, म्हणजे टोमणे संपतील. आमच्या क्लबने स्टेडियमच्या आवारातली दोन हॉटेलं आपल्याच समूहातल्या कंपनीला ७.६५ कोटींना विकली. मग महिला संघ आपल्याच मूळ कंपनीला विकला, जवळजवळ २० कोटींना. लीगच्या नियमांत तेव्हा हे बसत होतं. जून २०२४ मध्ये ही पळवाट बुजवायचा ठराव आला, त्याला वीसपैकी चौदा मतं हवी होती, ती मिळाली नाहीत. ज्यांनी विरोधात मत दिलं ते काय आमचे भाऊ लागतात? प्रत्येकाला वाटलं, उद्या आपल्यालाही लागेल.

लांब करारांचंही तसंच. एन्झो फर्नांडेस १०.६८ कोटींना, साडेआठ वर्षांचा करार. ताळेबंदसाहेब, वर्षाला किती?

ताळेबंद

सुमारे १.२६ कोटी. पाच वर्षांत वाटले असते तर २.१४. दर वर्षी ८८ लाखांची 'बचत', ती पुढच्या तीन-साडेतीन वर्षांच्या डोक्यावर मारून.

युएफाने (युरोपची फुटबॉल संघटना) २०२३ च्या उन्हाळ्यात आणि प्रीमिअर लीगने डिसेंबर २०२३ मध्ये हे बंद केलं. करार किती का लांब असेना, वाटप पाचच वर्षांत. पण आधी झालेल्या खरेदीला हात लावला नाही.

निळाई

पण मला मनापासून लागतं ते हॉटेलचं नाही, गॅलाघरचं. तो माणूस हाडाचा चेल्सीवाला. पॉकेटिनोच्या संघात जवळजवळ प्रत्येक मॅच खेळला, कितीदा तरी कॅप्टन होता. पुढच्या उन्हाळ्यात त्याला ॲटलेटिको माद्रिदची वाट दाखवली. माउंटच्या वेळीही तेच. आमच्याकडे ॲकॅडमीला 'प्युअर प्रॉफिट' म्हणायची पद्धत पडलीय, आणि ती चेष्टा म्हणून सुरू झाली होती.

युएफापुढे मात्र घरातल्या घरातली विक्री चालत नाही. जुलै २०२५ मध्ये ३.१ कोटी युरोंचा दंड बसला, पुढे सुधारलो नाही तर आणखी. बार्सिलोना १.५ कोटी, व्हिला १.१ कोटी, लियाँ १.२५ कोटी, असे सगळे सोबतीला होते.

आणि टॉफीवाला, तुमच्याही क्लबने २०२५ मध्ये महिला संघ मालकाच्याच कंपनीला विकला. व्हिलानेही. संन्याशी?

टॉफीवाला

...आम्ही उशिरा शिकलो. पण शिकलो.

जुनाजाणता

तुमच्यापैकी निम्म्यांचा जन्म नसेल तेव्हापासून बघतोय, म्हणून थोडं कडू लिहितो.

नियम नव्हते तेव्हाचं राज्य मी पाहिलंय. लीड्स २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलमध्ये होता. पुढच्या कित्येक वर्षांच्या तिकीटविक्रीच्या भरवशावर कर्ज काढलं होतं, हिशेब असा की दरवर्षी चॅम्पियन्स लीग खेळणारच. एक वर्ष हुकलं आणि सगळा डोलारा कोसळला. रिओ फर्डिनंड गेला आणि त्याच्यामागून बाकीचे. २००४ मध्ये क्लब खाली. पोर्ट्समथने २००८ मध्ये एफए कप जिंकला, २०१० मध्ये दिवाळखोरी, २०१३ मध्ये चौथ्या डिव्हिजनमध्ये. आणि बरी नावाचा क्लब, १८८५ चा, दोनदा एफए कप जिंकलेला. ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून हाकलला गेला. त्या गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, घरचा पोरगा विकून क्लब वाचत असता तर विकला असता का.

त्यामुळे अँडरसन गेला म्हणून रडणाऱ्यांबद्दल सहानुभूती आहे, पण क्लब जागेवर आहे. लीग कप जिंकलात की मार्च २०२५ मध्ये, सत्तर वर्षांनी देशातली मोठी ट्रॉफी!

मॅगपाय

तो कप माझ्यासमोर धरलात की माझी बोलतीच बंद होते, हे तुम्हाला माहीत आहे.

ताळेबंद

जुनाजाणता, आदर राखून असहमत, म्हणजे निम्मा असहमत. क्लब तोट्याने मरत नाही, रोकड संपली की मरतो. पीएसआर रोकड बघत नाही हे वर लिहिलंच. शेफिल्ड वेन्सडे बघा. मर्यादेत बसायला त्यांनी स्टेडियम मालकालाच विकलं होतं, २०२० मध्ये त्याच प्रकरणी १२ पॉइंट गेले, अपिलात ६ झाले. पुढे मालकाकडून पगार वेळेवर होईनात, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये क्लब प्रशासकाच्या ताब्यात, आणखी १२ पॉइंट.

डर्बीनेही २०१८ मध्ये तेच केलं. स्टेडियम मालकाला विकलं ८.१ कोटींना. शिवाय खेळाडूंच्या अमॉर्टायझेशनची स्वतःची खास पद्धत काढली होती. खर्च कराराच्या वर्षांत सारखा वाटायचा नाही, शेवटी खेळाडूची काही किंमत उरेलच असं धरून सुरुवातीला कमी टाकायचा. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा चहा सांडला होता. आणि शेवट? २०२१ मध्ये दिवाळखोरीचे १२ आणि हिशेबाचे ९, एकूण २१ पॉइंट गेले. २०२२ मध्ये क्लब खाली.

म्हणजे मालक भक्कम असेल तर नियम नसला तरी क्लब जगतो, आणि मालक पळाला तर नियम असूनही मरतो. जुलै २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये कायदा होऊन स्वतंत्र नियामक आला तो यासाठीच. माझी खरी आशा तिकडे आहे, पीएसआरकडे नाही.

डावखुरा

हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. म्हणजे नियम बुडण्यापासून वाचवत नाही आणि पोरं विकायला लावतो, दोन्हीकडून मार.

चिकित्सक

घाई नको. जानेवारी २०२३ मध्ये प्रीमिअर लीगच्या क्लबांनी ८१.५ कोटी खर्च केले होते. एव्हर्टनचे १० पॉइंट गेल्यावरच्या जानेवारीत, २०२४ मध्ये, खर्च झाला सुमारे १० कोटी. नियमाला दात आहेत हे कळल्याबरोबर सगळे शहाणे झाले. परिणाम होत नाही असं कसं म्हणता?

खांबाला लागला

आणि २०२५ च्या उन्हाळ्यात ३०० कोटींच्या वर. शहाणपण दीड वर्ष टिकलं.

चिकित्सक

ते ३०० कोटी कोणी घातले तेही बघा. लिव्हरपूलने विर्ट्झ आणला, न्यूकॅसलच्या इसाकसाठी १२.५ कोटी मोजले. आदल्या उन्हाळ्यात त्यांनी हात आखडता ठेवला होता, लीग जिंकली होती, विक्रीही भरपूर केली. नियमात राहून साठवलेलं खर्च केलं. हेच तर अपेक्षित आहे ना?

मॅगपाय

इसाकचं नाव घेतल्याबद्दल आभार. मी जरा फिरून येतो.

दुसरा हाफ

इंग्लंडच्या बाहेरचं थोडं. अदलाबदलीच्या खेळाचे खरे उस्ताद इटलीत. २०२० मध्ये युव्हेंटसने प्यानिच बार्सिलोनाला दिला ६ कोटी युरोंना आणि आर्थर घेतला ७.२ कोटींना. खरं तर मधले १.२ कोटीच हलले, पण दोन्ही क्लबांच्या पुस्तकात त्या वर्षी घसघशीत नफा. अहो रूपम् अहो ध्वनिः! तू माझ्या गाढवाला घोडा म्हण, मी तुझ्या गाढवाला म्हणतो. युव्हेंटसच्या अशा फुगवलेल्या व्यवहारांची चौकशी झाली, जानेवारी २०२३ मध्ये १५ पॉइंट कापले, ते स्थगित झाले, मे महिन्यात शेवटी १० कापले.

व्हिला-चेल्सी-एव्हर्टनच्या त्रिकोणात कोणी नियम मोडला असं सिद्ध झालेलं नाही, ते सौदे स्वतंत्र म्हणून दाखवले गेले. पण वास तोच.

स्पेनची पद्धत वेगळी. इंग्लंडमध्ये आधी खर्च करा, मग तीन वर्षांच्या हिशेबावर चौकशी. ला लिगा आधीच सांगते, तुझ्या उत्पन्नाप्रमाणे संघावर एवढाच खर्च. वर गेलास तर खेळाडूची नोंदणीच करणार नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मेस्सी त्यामुळे गेला. क्लब तयार, खेळाडू तयार, आकडा बसेना. मग २०२२ मध्ये बार्सिलोनाने देशातल्या टीव्ही हक्कांचा २५ टक्के वाटा २५ वर्षांसाठी विकला आणि खरेदीला निघाले. पळवाट सगळीकडेच सापडते, पण तिथे निदान शिक्षा पुढच्या सीझनमधल्या निरपराध तक्त्यावर पडत नाही. मला ती पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. मेस्सी गेला तेव्हा रडलो होतो, तरीही.

वाचनमात्र

मग इंग्लंडमध्ये आता नवीन काय येतंय? ८५ टक्के वगैरे ऐकलं.

ताळेबंद

नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लबांनी मतदान करून पीएसआरची गच्छंती ठरवली. २०२६-२७ पासून संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांच्या आत. खर्चात खेळाडूंचे आणि मुख्य प्रशिक्षकाचे पगार, अमॉर्टायझेशन, एजंटची फी. उत्पन्नात फुटबॉलमधली कमाई आणि खेळाडूंच्या विक्रीचा नफा-तोटा. हॉटेलं विकून ही टक्केवारी सुधारत नाही, निळाई.

युएफाच्या स्पर्धांत खेळणाऱ्यांना तिकडचे ७० टक्केही पाळावे लागतात. ती मर्यादा ९०, मग ८०, मग ७० अशी पायऱ्यांनी खाली आली. म्हणजे युरोपात पोचलेल्या क्लबाला दोन पट्ट्या, आणि आखूड पट्टीच खरी.

याच बैठकीत आणखी एक प्रस्ताव पडला. तळाच्या क्लबाला टीव्हीचे जितके पैसे मिळतात त्याच्या पाचपट, एवढाच खर्च कुणीही करायचा. तो आला असता तर वरच्यांचं अंथरूण खरंच कापलं गेलं असतं. म्हणूनच पडला, दुसरं काय.

मॅगपाय

फिरून आलो. म्हणजे ज्यांचं उत्पन्न ६० कोटी त्यांना ५१ कोटी खर्चायला मोकळीक, ज्यांचं २० कोटी त्यांना १७. टक्का सारखा, दरी चौतीस कोटींची. आणि याला समान नियम म्हणायचं.

ताळेबंद

बरोबर. पीएसआरची साडेदहा कोटींची मर्यादा निदान सगळ्यांना सारखी होती, एक आकडा, मोठा असो की छोटा. पण ती २०१३ मध्ये ठरली आणि नंतर एक पौंडही वाढली नाही, त्यामुळे दर वर्षी आपोआप आवळत गेली.

डावखुरा

आणि घरच्या पोरांचं? नव्या नियमात विक्रीचा नफा धरणारच ना?

ताळेबंद

धरणार. पुस्तकी किंमत शून्य ती शून्यच. युएफा हा नफा तीन वर्षांच्या सरासरीने धरते, त्यामुळे एका विक्रीचा एकाच वर्षी झटका बसत नाही. पण पोरगा विकून मिळणारा फायदा जात नाही, फक्त पसरतो.

त्यावर उपाय अवघड नाही. ॲकॅडमीच्या खेळाडूच्या विक्रीचा नफा निम्माच धरा. किंवा उलट करा, घरचा खेळाडू संघात ठेवला तर त्याचा पगार खर्चातून वगळा. दुसरा मला जास्त आवडतो. पण त्याला चौदा मतं कुठून आणणार? वीसपैकी बहुतेकांच्या ॲकॅडमीत आज एकतरी असा पोरगा आहे, ज्याच्यावर पुढच्या वर्षीचा हिशेब उभा आहे.

निळाई

आमच्याकडे तर रांग आहे.

डावखुरा

पगार वगळण्याची कल्पना शीर्षकाखाली जोडतो, ताळेबंद यांच्या नावाने. जुन्या नियमाचा शेवटचा ३० जून २०२६ चा. त्याच्या आदल्या आठवड्यात धागा वर काढतो, कोण कोण विकला गेला त्याची यादी इथेच करू. पामर वगळून.

खांबाला लागला

मॅगपायना आधी कळवा, त्यांना फिरायला जायचं असेल.